टोपलीचे शब्द

हार्लनव्हिलमध्ये टेटी गारब्लाच्या खाणावळीत बसून कुणी डंबॉय चावायला लागला, की ती पळी उगारून त्याच्यापाशी जायची.

"अरे, चावतोस काय? मी सकाळपासून मुसळ मारतेय ते कशासाठी? तुझ्या दातांना सुट्टी मिळावी म्हणून. गिळ!"

उकडलेला कसावा उखळात कुटून केलेला तो मऊ गोळा तिखट सुपात बुडवून सरळ गिळायचा असतो, हे सेंट जॉन नदीच्या काठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चावणारा बहुधा राजधानी मन्रोव्हियाहून आलेला सरकारी माणूस असे. तोही मुकाट गिळायचा. पंचाहत्तरी गाठली तरी टेटीचे दंड मुसळासारखे होते आणि जीभ तिच्या सुपासारखी. खोटे बोलायचे तिला वावडे नव्हते. गिऱ्हाइकाने "सूप ताजं आहे ना?" विचारले तर ती काल रात्रीच्या सुपाकडे बघून मान डोलवायची. पण खोटे कुठे चालते आणि कुठे नाही, याचे तिचे स्वतःचे नियम होते आणि ते ती पाळायची.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, मेल्व्हिना होल्डरने तिला आपल्या पडवीत बोलावले. मेल्व्हिना तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. पावसाळ्यात तापाने अंथरूण धरले होते. उठली ती डावा पाय मागे ठेवूनच.

"टेटी, यंदा टोपली तू ने."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बाजारात नेतात का ती? चर्चमध्ये. येत्या गुरुवारी. हा पाय घेऊन मी दारापासून वेदीपर्यंत पोचेन तोवर नाताळ उजाडेल."

नोव्हेंबरचा पहिला गुरुवार म्हणजे आभाराचा दिवस. कायद्यानेच ठरलेला, सगळ्या देशाचा. शाळा बंद, कचेऱ्या बंद, आणि घराघरांतून शेतामळ्यातले काही ना काही चर्चकडे निघालेले. गावच्या शिलो बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या दिवशी होल्डर घराण्यातले थोरले माणूस नव्या पिकाची टोपली घेऊन दारातून आत यायचे आणि वेदीपाशी उभे राहून 'टोपलीचे शब्द' म्हणायचे. एकेका ओळीमागे सगळ्या मंडळीने "देवा, तुझे आभार" म्हणायचे. चर्च बांधले तेव्हापासूनची ही चाल. आता होल्डरांपैकी गावात मेल्व्हिना एकटीच उरली होती, मुले अमेरिकेत.

"मी कुठे होल्डर आहे, सिस मेल?"

"कोण म्हणतं नाहीस? माझ्या पप्पांनी तुला नाव दिलं होतं. थेरेसा होल्डर. बाप्तिस्मा त्याच नावाने झालाय तुझा."

हे खरे होते. टेटी सात वर्षांची असताना तिच्या बापाने तिला नदीच्या वरच्या अंगाच्या गावाहून आणून होल्डरांच्या घरी ठेवले, चार अक्षरे शिकेल म्हणून. तेव्हा तशीच रीत होती. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून आलेल्यांच्या वंशजांच्या घरी गावाकडची पोरे वाढायची. पाणी भरायची, झाडलोट करायची, जेवायची मात्र स्वयंपाकघरात. टेटीचे नाव बदलून थेरेसा झाले. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने आपले जुने नाव परत घेतले. घर मात्र सुटले नाही, कारण त्या घरात मेल्व्हिना होती.

यादवी युद्धाच्या वर्षी तर मेल्व्हिनाच टेटीच्या घरी राहिली. अमेरिकेतून आलेल्यांचे होल्डर हे आडनाव तेव्हा जिवावर बेतणारे होते. टेटीने तिच्या कमरेला गावाकडच्या बायकांसारखा जुना लापा गुंडाळला, डोक्यावर सरपणाचा भारा दिला आणि आपल्या माहेरच्या गावाकडे चालत नेले. वाटेतल्या नाक्यावर बंदूकवाल्या पोरांनी अडवले. टेटीच्या लोकांच्या बासा भाषेत मेल्व्हिनाने तोंड उघडले असते तर पहिल्याच शब्दाला पकडली गेली असती. टेटीने शांतपणे सांगितले, "माझी बहीण आहे. जन्माची मुकी." पोरांनी सोडले. पुढे कित्येक वर्षे टेटी हा किस्सा सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आयुष्यात एकदाच गप्प बसली ती, आणि तेवढ्याने वाचली."

तेव्हा मेल्व्हिनाने काही मागावे आणि टेटीने नाही म्हणावे, असे फारसे घडत नसे.

"नेते टोपली," ती म्हणाली. "पण शब्द..."

"शब्दांचं काय? पाठ आहेत तुला."

"पाठ आहेत म्हणूनच म्हणते."

शब्द तीनच ओळींचे होते. आमचे पूर्वज गुलामीतून सुटले. आमचे पूर्वज समुद्र ओलांडून आले. देवाने त्यांना ही रिकामी जमीन दिली.

ते 'रिकामी' टेटीला आजच टोचले असे नाही. पण इतकी वर्षे ती मंडळीत बसलेली असायची, आणि मंडळीचे काम फक्त आभार मानण्याचे. आजूबाजूला सगळे बासा लोकच. ज्यांच्या पणज्यांनी ही जमीन नांगरली, तेच सारे मोकळ्या गळ्याने "देवा, तुझे आभार" म्हणत आले होते. सवयीच्या ओळीकडे कोण कान देतो? आता ते स्वतःच्या तोंडून, देवासमोर, मोठ्याने म्हणायचे होते. आपल्या आजोबांचा आजोबा तिथे नव्हताच, असे.

"तो एक शब्द मी नाही म्हणणार, सिस मेल."

मेल्व्हिनाने काठी फरशीवर आपटली. "माझ्या पणजोबांनी रचलेत ते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर टोपलीला हात लावू नकोस."

"हात तर लावणार. तूच म्हणालीस आत्ता."

"मग मी गुरुवारी येणार नाही."

"कुणाला सांगतेस? अंथरुणावर होतीस तेव्हा तापात सुद्धा विचारत होतीस, आज रविवार का म्हणून."

"बघच तू," मेल्व्हिना म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

टेटीने टोपली उचलली आणि घरी आणली. दुसऱ्या दिवशी तिने मेल्व्हिनाकडे सुपाचे भांडे पाठवले, ते तसेच परत आले. चव न घेता. असे याआधी कधी झाले नव्हते. त्या दिवशी टेटीने गिऱ्हाइकांना एकदाही पळी दाखवली नाही, आणि दोन माणसे चक्क चावून जेवून गेली.

मंगळवारी दुपारी चर्चचे रेव्हरंड केरकुला जेवायला आले. वय तरुण, मूळचे बाँगकडचे, केपेले जमातीचे. बासा बोलायचे ते डंबॉय चावल्यासारखे. पण माणूस सरळ होता आणि ऐकून घ्यायचा. टेटीने त्यांच्यापुढे थाळी ठेवली आणि स्वतःही बाकावर बसली.

"रेव्हरंड, ही टोपलीची चाल कुठून आली? कायद्यातून?"

"नाही हो, मा टेटी. कायद्याने दिवस ठरवला. त्याच्याही आधी आलेल्यांनी तो समुद्रापलीकडून आणला. पण टोपली त्याहूनही जुनी. मोशेने आपल्या लोकांना सांगितलं होतं, नव्या देशात पहिलं पीक येईल तेव्हा टोपली भरून देवापुढे आणा. नुसती ठेवू नका. तोंडाने सांगा, आमचा बाप भटका होता, आम्ही गुलाम होतो, देवाने आम्हांला काढून आणलं. मग जेवा. आणि एकटे जेवू नका, तुमच्यात राहणाऱ्या उपऱ्यालाही बरोबर घ्या."

टेटीने लाप्याच्या टोकाने मान पुसली. "मग इथे उपरी कोण? मी का सिस मेल?"

रेव्हरंड हसले, मग थांबले. गोळा त्यांच्या हातातच राहिला. "म्हटलं तर ती. तिच्या लोकांआधी तुमचे लोक इथे होते. म्हटलं तर तुम्ही. त्या घरात तुम्ही स्वयंपाकघरात जेवलात. शास्त्रात याचं सोपं उत्तर मिळायचं नाही." जरा विचार करून ते म्हणाले, "पण एक दिसतं. मोशेने आभार मानायच्या आधी गोष्ट सांगायला लावली. आपण कुठून आलो, कुणामुळे वाचलो. गोष्ट न सांगता मानलेले आभार त्याला चालत नव्हते."

"आणि गोष्टच खोटी असेल तर?"

"तर आभार दुसऱ्याच कुणाला तरी पोचतील."

"मग मी काय म्हणू?"

"ते मी सांगणार नाही. टोपली ज्याच्या डोक्यावर, शब्द त्याच्या तोंडचे. मी मध्ये येणार नाही, एवढं वचन देतो."

"सूप घ्या अजून," टेटी म्हणाली. वचनाची परतफेड तिला तेवढीच सुचली.

बुधवारी संध्याकाळी तिने टोपली भरली. कसावा, भोपळा, पपया, उसाचे तुकडे, पामतेलाची बाटली, आणि सगळ्यांत वर नव्या तांदळाची पिशवी. तांदूळ तिच्या भावाच्या शेतातला, परवाच कांडलेला. पिशवी बांधण्याआधी तिने त्यातला मूठभर घेतला आणि दारापुढे मातीवर टाकला. तिची आई करायची तसा. आईला मोशे माहीत नव्हता, कायदाही माहीत नव्हता. पण गेलेल्या माणसांची मूठ काढल्याशिवाय तिने कधी कुणाला नवा भात खाऊ दिला नाही. "जमीन त्यांनी साफ केली," ती म्हणायची, "आधी त्यांचं." टेटी बॅप्टिस्ट झाली, डीकन झाली, तरी ती मूठ काही सुटली नाही. मागच्या रेव्हरंडांनी एकदा बघितले आणि नाक मुरडले होते. तेव्हा तिने विचारले होते, "तुमच्या आईबापांचे आभार तुम्ही नुसते मनातच मानता का?"

गुरुवारी चर्च खचाखच भरले होते. बायकांनी पांढरे कपडे घातले होते, खिडक्यांना केळीची पाने बांधली होती, वेदीपाशी रताळी आणि नारळांचे ढीग लागले होते. कोंबड्या पाय बांधून बाकांखाली ठेवलेल्या. प्रार्थना लांबली की त्या मध्येच आमेन म्हणायच्या. टेटी दारात टोपली घेऊन उभी राहिली आणि तिने पुढे बघितले. पहिल्या रांगेतला होल्डरांचा बाक रिकामा होता.

त्या बाकावर मेल्व्हिना नाही असा आभाराचा दिवस तिने पाहिलाच नव्हता. अजूनही वेळ होती. तीन ओळी म्हणायच्या, खाली बसायचे, संध्याकाळी सुपाचे भांडे घेऊन जायचे. मेल्व्हिनासाठी ती खोटे बोललीच होती की एकदा. पण ते बंदूकवाल्या पोरांसमोर. आणि इथे खोटे बोलून वाचणार कोण होते?

गाणे सुरू झाले. टेटी चालू लागली. वेदीपाशी पोचून तिने टोपली खाली ठेवली, कंबर सरळ केली आणि मंडळीकडे तोंड केले. तिचा आवाज खाणावळीत असायचा तसाच खणखणीत लागला.

"होल्डरांचे पूर्वज गुलामीत होते. देवाने त्यांना सोडवलं."

"देवा, तुझे आभार," मंडळी म्हणाली. पहिलाच शब्द वेगळा होता हे थोड्यांच्याच लक्षात आले.

"ते समुद्र ओलांडून आले. वाटेत पुष्कळ गेले. उरले ते या किनाऱ्यावर उतरले."

"देवा, तुझे आभार."

"जमीन रिकामी नव्हती."

"देवा, तुझे..." अर्धी मंडळी सवयीने म्हणून गेली आणि अडखळली. मागे कुणाची तरी कोंबडी ओरडली.

"जमीन रिकामी नव्हती," टेटीने पुन्हा सांगितले. "माझे पूर्वज तिथे उभे होते. तुमचेही. काहींनी भाले दाखवले, ते मी लपवत नाही. पण काहींनी थंड पाणी दिलं. पाहुणा दारात आला की आपण देतो तसं. आलेली माणसं तापाने फणफणलेली होती. कुणीतरी घागर वाकवली म्हणून ती जगली. आता पाहुण्यांनी पाणी प्यायलं आणि पुढे घागरही नेली..."

मंडळीत हशा उसळला. एक म्हातारा बाकावर हात मारून म्हणाला, "सांग बाई, सांग!"

"गप्प बस, गारवी, ते मी आज काढत नाही. आज आभाराचा दिवस आहे. मला एवढंच म्हणायचंय. आपण इतकी वर्षं इथे उभं राहून देवाला सांगतोय की इथे कुणी नव्हतं. देव काय म्हणत असेल? म्हणत असेल, मग पाणी कुणी दिलं? मी तर माणूस पाठवला होता."

हसू थांबले.

"देव स्वतः घागर घेऊन येत नाही. माणूस उभा करतो. त्या माणसाचं नाव गाळून देवाचे आभार मानले, तर देवाला ते कळत नाहीत असं नाही. पण त्याला वाईट वाटतं." तिने जरा दम घेतला. "आणि माझंही सांगते. पाणी देणाऱ्यांची पोर मी. एका घराच्या मागच्या पायरीवर बसलेली. घरातली दहा वर्षांची मुलगी आपलं जेवण टाकून बाहेर आली, आणि तिने मला मातीत काडीने अक्षरं काढून दाखवली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. उलट आईने हाक मारली तर म्हणाली, येते नंतर. त्या दिवशी मला तहान आहे हे मलाही माहीत नव्हतं. तिच्यासाठी मी म्हणते, देवा, तुझे आभार."

आता उत्तर कोण देणार? शब्द नवे, ओळ नवी. मंडळीला आपली पाळी कुठे आली तेच कळेना. रेव्हरंड केरकुला खाली बघत राहिले. त्यांनी वचन दिले होते.

तेवढ्यात मागच्या दारापाशी काठी वाजली. एकदा, मग पुन्हा. मेल्व्हिना होल्डर खांबाला टेकून उभी होती. पांढरी टोपी तिरकी झालेली, चेहरा घामेजलेला. ती केव्हा आली ते कुणाला कळले नव्हते. तिने सगळ्या चर्चवरून नजर फिरवली, जणू वर्गात गोंधळ चाललाय.

"काय झालं सगळ्यांना? जिभा गेल्या का?" ती म्हणाली. "देवा, तुझे आभार!"

मग सगळे चर्च एकदम म्हणाले. छपराचा पत्रा थरथरला असे पुढे लोक सांगत, पण हार्लनव्हिलचा पत्रा वाऱ्यानेही थरथरतो.

प्रार्थनेनंतर अंगणात वेदीपाशी आलेल्या जिनसांचा लिलाव सुरू झाला. दरवर्षीप्रमाणे एकच भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा घेऊन लगेच परत चर्चलाच देत होता आणि सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. टेटी आंब्याच्या सावलीत मेल्व्हिनाशेजारी जाऊन बसली. पाव आणि मिरचीची अंडी दोघींच्या मांडीवर.

"घागरीचं सांगायची काय गरज होती?" मेल्व्हिना म्हणाली.

"गरज नव्हती. खरं होतं."

"माझ्या पणजोबांनी घागर नेली नाही."

"नाही. त्यांनी विहीर नेली."

मेल्व्हिनाच्या घशात अंडे अडकले. टेटीने तिच्या पाठीत दोन थापा मारल्या, जरा जोरातच. खोकून झाल्यावर मेल्व्हिनाच्या डोळ्यांत पाणी होते. खोकल्याचे की हसण्याचे, ते तिने सांगितले नाही.

"त्या पायरीवरचं," ती म्हणाली, "मला आठवतच नव्हतं."

"देणाऱ्याला नसतं आठवत. म्हणून तर घेणाऱ्याने सांगायचं."

"मला राग आला होता, टेटी. अजूनही आहे थोडा. ते शब्द मी माझ्या पप्पांच्या तोंडून ऐकलेत. त्यांच्या आवाजातच ऐकू येतात मला ते."

"मग म्हण ना. पहिल्या दोन ओळी तुझ्याच आहेत. त्या मी म्हणून काय उपयोग? मी म्हटल्या तर 'होल्डरांचे पूर्वज' म्हणावं लागतं, कानाला कसंसंच लागतं. तू म्हण. 'आमचे' म्हण."

"आणि तिसरी?"

"तिसरी माझी."

मेल्व्हिनाने विचार केला. "आणि टोपली? माझ्याने उचलवणार नाही."

"दोन कान आहेत तिला. एक तू धर, नुसता धर. वजन मी घेते."

"दारापासून वेदीपर्यंत नाताळ उजाडेल म्हटलं ना मी."

"उजाडू दे. सगळे बसून असतात, त्यांना काय घाई आहे?"

पुढची चार वर्षे हार्लनव्हिलने ते पाहिले. दोन म्हाताऱ्या, मध्ये टोपली, आणि एक गाणे संपून दुसरे सुरू व्हायचे तरी त्या निम्म्या वाटेवरच. मेल्व्हिना आपल्या दोन ओळी म्हणायची, बापाच्या आवाजात. मग टेटी आपली ओळ म्हणायची आणि दरवर्षी तिच्यात काहीतरी भर घालायची, ते ऐकायला नदीपलीकडचेही लोक येऊ लागले. त्यातला विनोद मेल्व्हिनाला पटला नाही की ती काठीने टेटीच्या पायावर हळूच मारायची. टेटी तिला "जन्माची मुकी" म्हणायची, तेही वेदीपाशी.

मेल्व्हिना गेली त्या वर्षी रेव्हरंडांनी विचारले, आता कसे करायचे, एकटीने नेणार का. टेटी उखळापाशी होती. तिने मुसळ थांबवले नाही.

"एकटीने कशी नेता येईल? अर्धे शब्द माझे नाहीत. फिलाडेल्फियाला तिच्या मुलीला फोन करा. म्हणावं, आईची बाजू रिकामी आहे, तिकीट काढ."

आणि ती आली. बासा येत नव्हते, लापा नीट गुंडाळता येत नव्हता, डंबॉय पहिल्याच घासाला चावला. टेटीने पळी उगारली, मग खाली ठेवली, आणि तिच्यासमोर बसून तिला गिळायला शिकवले. गुरुवारी त्या दोघी दारात उभ्या राहिल्या. मुलीने विचारले, "ओल्ड मा, मी कोणत्या ओळी म्हणायच्या?"

"पहिल्या दोन. मोठ्याने म्हण. आणि तिसरी ऐक."